शंभर युनिटांचा झोत

पहाटे साडेपाच
डिसेंबरात राळेगाव तालुक्यात रात्रपाळीची लाईन असली की माझा दिवस शेतातच उजाडतो. हरभऱ्यावर स्प्रिंकलर फिरतंय. पाच हॉर्सपॉवरची मोटर तासाला साधारण चार युनिट ओढते. आज बारावीला याच मोटरीवरून शिकवायचं ठरवलंय.

सकाळी आठ
चहा आणि वही. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या प्रोटॉनांना वेग देणाऱ्या प्रवेगकाच्या मूळ आराखड्यातले आकडे घेतले: एका झोतात 2,808 पुंजके, पुंजक्यात 115 अब्ज प्रोटॉन, प्रत्येकाची ऊर्जा 7 टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट. एकट्या प्रोटॉनच्या वाट्याला ज्यूलचा जेमतेम दहालाखावा भाग येतो. सगळ्यांचे मिळून 362 मेगाज्यूल. एक युनिट 3.6 मेगाज्यूलचं. म्हणजे शंभर युनिट!

साडेअकरा
मुलांना वाटलं होतं, आकडा अणुबॉम्बच्या तोडीचा निघेल. "सर, मंग आमची मोटर पंचवीस तास चालन, एवढंच?"

एवढंच. आठ तासांच्या पाळीनं जेमतेम तीन दिवसांचं ओलीत. पण ही ऊर्जा ज्या प्रोटॉनांत असते, त्यांचं सगळ्यांचं वजन मिळून अर्धा नॅनोग्रॅम. आणि झोत थांबवायचा झाला, तर ती सेकंदाच्या 89 दशलक्षांश भागात ग्राफाइटच्या ठोकळ्यात उतरते. मुलांकडूनच भागाकार करवून घेतला: चार टेरावॅट. मे 2024 मध्ये देशाची विजेची मागणी 250 गिगावॅटच्या उच्चांकाला गेली होती. त्या क्षणापुरता हा झोत तिच्या सोळापट. एका मुलीनं विचारलं, "ठोकळ्याला भोक नाही पडत?" फार मोलाचा प्रश्न. झोत एकाच जागी पडू नये म्हणून चुंबकांनी तो ठोकळ्याच्या तोंडावर वळणावळणानं फिरवतात. तास संपला तरी मी फळ्यावर ते वळण काढतच होतो.

दुपार
पेपर तपासणी.

संध्याकाळी सहा
शेजारच्या काकूंना नागपूरला शेक (रेडिएशन) सुरू व्हायचाय. काका ओट्यावर येऊन बसले. "मास्तर, जाळते का थे मशीन?"

तेही प्रवेगकच. इलेक्ट्रॉनांना वेग देऊन टंगस्टनवर आदळवतात, त्यातून क्ष-किरण निघतात. एका दिवसाचा नेहमीचा डोस दोन ग्रे, म्हणजे किलोमागे दोन ज्यूल. तेवढ्यानं शरीराचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागानंही वाढत नाही. काम होतं ते पेशीतल्या डीएनएचे धागे तुटून. म्हणूनच नेम धरायला एवढी मेहनत घेतात आणि डोस आठवड्याला पाच दिवस थोडाथोडा देतात. काही आठवड्यांनी कातडी लाल होऊ शकते, हेही काकांना स्पष्ट सांगितलं. घरच्या मनानं काही लावू नका, तिथल्या डॉक्टरांनाच दाखवा.

रात्री नऊ
उद्याचं गणित उतरवतोय: इंदूरचा इलेक्ट्रॉन-प्रवेगक इंडस-2, परीघ सुमारे 172 मीटर, इलेक्ट्रॉनची ऊर्जा 2.5 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, प्रवाह 200 मिलिअँपिअर. झोतातल्या ऊर्जेचं उत्तर तीनशे ज्यूलच्या आत येतं. ते मुलांनीच काढायचं.