व्हिएतनामचा प्लॅन करताय? आधी पाऊस बघा, मग तिकीट काढा

आजचा भाग व्हिएतनामवर आहे. पण ‘दहा सुंदर जागा’ छापाची यादी देणार नाही, ती तुमच्या रील्समध्ये रोज येतेच. आज प्लॅन कसा करायचा ते बोलू.

निमित्त आहे एका श्रोता मैत्रिणीची व्हॉइस नोट. तिची पहिली नोकरी. दीड वर्ष थोडे थोडे पैसे बाजूला टाकलेत. आई-बाबांना पहिल्यांदा परदेशी न्यायचंय, दिवाळीच्या सुट्टीत, आठ दिवस. यादी अशी: हनोई, सापा, हालाँग बे, निन्ह बिन्ह, ह्युए, दा नांग, होई आन आणि शेवटी हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगॉन. बाबा माळकरी, आईचे गुडघे दुखतात. आणि प्रश्न एकच: “ताई, बसेल ना सगळं?”

बसेल गं. पण एक्सेलच्या तक्त्यात बसेल. आई-बाबांच्या अंगाला झेपणार नाही. का, ते सांगते.

नकाशा उभा आहे

व्हिएतनाम म्हणजे उभा, चिंचोळा देश. उत्तर-दक्षिण साधारण १,६५० किलोमीटर, आणि सगळ्यात अरुंद जागी रुंदी जेमतेम ५० किलोमीटर. हनोई ते सायगॉन रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. आपलं मुंबई-दिल्ली रेल्वेचं अंतर १,४०० च्या आत बसतं. म्हणजे ‘दोन शहरं तर आहेत’ असं म्हणताना आपण मुंबई-दिल्लीपेक्षा लांबचा पल्ला मारत असतो. ट्रेनने तीस तासांच्या वर लागतात, विमानाने सुमारे दोन तास.

आता माझा साधा हिशोब लावा. मुक्काम एकदा बदलला की अर्धा दिवस गेला. बॅगा भरा, चेकआउट करा, गाडी पकडा, नवीन हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळणार म्हणून लॉबीत बसून राहा. सहा वेळा मुक्काम बदलला तर तीन दिवस असेच जातात. आठातून तीन वजा, पोचण्याचा आणि परतीचा दिवस वजा. उरले तीन. तीन दिवसांत आठ ठिकाणं? त्याला फिरणं नाही म्हणत, हजेरी लावणं म्हणतात.

म्हणून पहिला नियम: आठ दिवसांत जास्तीत जास्त तीन मुक्काम. बाकीचं तिथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं.

दिवाळीत नेमका कुठे पाऊस असतो?

हा आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. गर्दीत असाल तर मागे जाऊन परत ऐका.

आपल्याकडे दिवाळी म्हणजे पाऊस संपला, हवा छान. म्हणून आपण गृहीत धरतो की तिकडेही तसंच. पण व्हिएतनामला एकच हवामान नाही, तीन आहेत. उत्तरेत, म्हणजे हनोईच्या बाजूला, ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वर्षातला अगदी सुखाचा काळ. दक्षिणेत, सायगॉनकडे, पाऊस मे महिन्यात सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ओसरतो आणि डिसेंबर ते एप्रिल कोरडे जातात. आणि मधला भाग, म्हणजे ह्युए, दा नांग, होई आन? तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे भर पावसाळा.

कारण समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. आपल्या कोकणात नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून येतो, सह्याद्रीला अडतो आणि धो धो कोसळतो. व्हिएतनामचा समुद्र पूर्वेला आहे आणि डोंगररांग पश्चिमेला. आपला पावसाळा संपल्यावर वारा उलटा फिरतो, ईशान्येकडून येतो. चेन्नईला त्याच सुमारास पाऊस होतो, तसाच तो मध्य व्हिएतनामच्या डोंगरांना अडून कोसळतो. त्यात पश्चिम पॅसिफिकमधली वादळंही याच महिन्यांत मध्य किनाऱ्याकडे वळतात.

किती पाऊस? २६ जुलै २००५ आठवतो? तुम्हाला नसेल तर घरी विचारा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. नोव्हेंबर १९९९ मध्ये ह्युएला २४ तासांत १,३०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला आणि मध्य व्हिएतनाममध्ये शेकडो माणसं गेली. २०२० च्या ऑक्टोबरात पुन्हा मोठे पूर आले. २०२५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे आपली दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, होई आनच्या जुन्या गल्ल्या पाण्याखाली होत्या. जिथे कंदिलांचे फोटो काढायचे तिथून होड्या जात होत्या.

दर दिवाळीला पूर येतो असं मी म्हणत नाहीये. पण दीड वर्षाची बचत आणि आई-बाबांची पहिली फेरी पणाला लावताना हा धोका माहीत हवा, एवढंच. स्वस्तात मिळणारं पॅकेज कधीकधी स्वस्त का असतं, तेही इथे कळतं.

मग दोन प्लॅन

प्लॅन एक: दिवाळीची सुट्टी बदलता येत नसेल तर फक्त उत्तर करा. हनोईला जा, हनोईहूनच परत या. हनोईत तीन रात्री: जुनं शहर, होआन किएम तळं, साहित्य मंदिर, कॉफी. मग निन्ह बिन्हला दोन रात्री. हनोईपासून ९५ किलोमीटरच्या आसपास, दोन तासांत पोचता. तिथलं चांग आन युनेस्कोच्या यादीत आहे. चुनखडीचे डोंगर, मधून नदी, आणि वल्ह्याची होडी गुहांमधून जाते. ही फेरी अडीच-तीन तासांची असते, तेव्हा आईंना आधीच सांगा की होडीत पाय फार लांब करता येत नाहीत. शेजारच्या हांग मुआ टेकडीला सुमारे ५०० पायऱ्या आहेत. तिथे तू एकटी जा, आई-बाबांना खाली नारळपाणी घेऊन दे.

मग एक रात्र हालाँग बे, बोटीवर. १,६०० च्या आसपास लहानमोठी बेटं आहेत तिथे. बोट निवडताना फक्त फोटो बघू नका. १९ जुलै २०२५ ला तिथे अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची एक बोट उलटली आणि तीसपेक्षा जास्त लोक दगावले. म्हणून हवामान खराब म्हणून फेरी रद्द केली तर हुज्जत घालायची नाही, आणि लाइफ जॅकेट कुठे ठेवलेत ते चढल्याचढल्या बघायचं. त्यासाठी हालाँग बे शेवटच्या दिवशी ठेवू नका. नंतर हनोईत एक मोकळी रात्र ठेवली की फेरी पुढेमागे करता येते. सापा या वेळेला सोडून द्या. डोंगर आहेत, चढ-उतार आहेत, रस्त्याने पाच-सहा तास आहेत.

प्लॅन दोन: तारखा बदलता येत असतील तर मार्चचा शेवट ते एप्रिलचा मध्य. साधारण गुढीपाडव्याच्या आसपास. तेव्हा मध्य भाग कोरडा असतो, दक्षिण गरम पण कोरडी, उत्तर सौम्य, थोडी ढगाळ. जाताना हनोईला उतरा आणि परतीचं विमान सायगॉनहून घ्या. त्याच रस्त्याने उलटं यायचं नाही, एक लांबचा प्रवास वाचतो. हनोई दोन रात्री, होई आन तीन रात्री, सायगॉन दोन रात्री. होई आनला विमानतळ नाही, रेल्वे स्टेशनही नाही. दा नांगला उतरायचं आणि तिथून ३० किलोमीटर गाडीने.

दोन तारखा मात्र टाळा. एक म्हणजे तेत, त्यांचं नवीन वर्ष. ते जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत कधीही येतं, तेव्हा अख्खा देश गावाला जातो. आपल्या गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्या आठवा. दुसरी ३० एप्रिल-१ मेची जोडसुट्टी.

मला प्लॅन दोन का आवडतो

कारण मी सन. होई आनपासून साधारण ४० किलोमीटरवर डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात विटांची जुनी मंदिरं आहेत. चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून पुढे कित्येक शतकं ती बांधली. तिथला मुख्य देव भद्रेश्वर, म्हणजे शिव. १९६९ च्या अमेरिकन बाँबहल्ल्यात बरंच काही पडलं, त्यात सगळ्यात उंच मंदिरही गेलं. खड्डे अजून दिसतात. पुढे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथे जतनाचं काम केलं आणि २०२० मध्ये काम चालू असताना नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग मिळालं.

व्हिएतनाम म्हटलं की आपल्याकडे एक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड हमखास येतो, महाराजांच्या तिथल्या पुतळ्याचा. त्याच्या भरवशावर पुतळा शोधत फिरू नका. खरा धागा हवा असेल तर मी सन आहे ना. माळ घातलेल्या माणसाला एवढ्या लांब देशात शिवलिंगासमोर उभं राहून काय वाटेल, ते तुझ्या बाबांनाच विचार. सकाळी लवकर निघा, दहानंतर ऊन आणि बसगाड्या दोन्ही येतात.

ई-व्हिसा: नावाची गंमत

भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो. सरकारी फी एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५०. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ असतं. गुगलवर आधी जाहिराती दिसतात, त्यातल्या कित्येक एजंटांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. फी परत मिळत नाही, म्हणून घाई नको.

आता आपली मराठी अडचण. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन नावं एकत्र असतात. फॉर्ममध्येही ती दोन्ही जशीच्या तशी हवीत, विमान तिकिटावरही तीच. आईंच्या पासपोर्टवर एक नाव आणि तिकिटावर दुसरं, असं होऊ देऊ नका. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून तपासून घ्या. निदान दोन-तीन आठवडे आधी अर्ज करा आणि कागदावर प्रिंट जवळ ठेवा.

लखपती होण्याची तयारी

तिथलं चलन डोंग. एक लाख डोंग म्हणजे साधारण ३३० ते ३५० रुपये. मनातल्या मनात हिशोब सोपा: शेवटची तीन शून्यं काढा, उरलेल्याला साडेतीनने गुणा. ६० हजारांचं नूडल्स? ६० गुणिले साडेतीन, दोनशे दहा रुपये. खरी किंमत त्याहून जराशी कमीच निघेल, म्हणजे बजेट सुरक्षित.

एक सावधानता: २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळसर. टॅक्सीत अंधारात ७० रुपयांऐवजी सतराशे रुपये देणं सहज शक्य आहे. पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा. सोबत डॉलर नेले तर न फाटलेल्या, न लिहिलेल्या नोटा न्या. आणि रस्त्यावर भाव करण्यापेक्षा ग्रॅब अ‍ॅप वापरा, भाडं आधी दिसतं.

‘चाय’ मागाल तर चहा येणार नाही

बाबांसाठी हा एकच शब्द पाठ करा. व्हिएतनामीत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. ‘कम चाय’ अशी पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा. ही बौद्ध पद्धतीची शाकाहारी खानावळ असते. तिथे कित्येक लोक चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या हिशोबाने. त्या दिवशी असे पदार्थ आणखी सहज मिळतात.

साध्या हॉटेलात मात्र “मांस नको” एवढं सांगून भागत नाही. ‘न्युअक माम’ नावाचा माशांचा सॉस जवळजवळ सगळ्यात असतो, आणि फोच्या भाज्यांखालचं पाणी बहुतेक वेळा हाडांचं असतं. फोनमध्ये व्हिएतनामी भाषेत एक वाक्य लिहून ठेवा: मांस, मासे, माशांचा सॉस, अंडं काही नको. भाषांतराचं अ‍ॅप आधीच डाउनलोड करून ठेवा, नेट नसतानाही चालेल असं. आणि पिशवीत थोडी शेंगदाण्याची चटणी, खाकरे असू द्या. त्यात लाज कसली?

स्कूटरचा मोह

होई आनमध्ये स्कूटर भाड्याने सहज मिळते. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसार असतो, व्हिएतनाम १९६८ च्या करारात आहे. दुकानदार परवाना विचारणार नाही, अपघात झाला तर विमा कंपनी नक्की विचारेल. सायकल घ्या, किंवा ग्रॅब.

या आठवड्यात काय करायचं?

तिकीट काढू नका. आधी तीन कामं. एक, सुट्टी बदलता येते का ते ऑफिसात विचारा. त्यावर प्लॅन एक की दोन ते ठरेल. दोन, तिघांचे पासपोर्ट काढून बघा: निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक आहे का, नावं कशी लिहिली आहेत. तीन, हे सगळ्यात अवघड, आई-बाबांना शेजारी बसवा आणि विचारा की त्यांना नक्की काय बघायचंय. कदाचित आई म्हणेल, मला फक्त समुद्रात बोटीवर झोपायचंय. मग यादीतली पाच नावं आपोआप गळतील, आणि ते बरंच होईल.

राहिलेली ठिकाणं कुठे पळून जात नाहीत. पुढच्या पगारवाढीला दुसरी फेरी करा. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवत राहा, पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि पासपोर्ट सापडतोय का बघा!