आजोबांच्या घड्याळाची चीर

लग्नात शेरवानीच्या खिशात आजोबांचं पॉकेट वॉच ठेवायचं, हे मी पक्कं केलं होतं. साखळीसकट! फोटोत काय रॉयल दिसलं असतं... पण पांढऱ्याशुभ्र डायलवर चारच्या आकड्यापासून मध्यापर्यंत केसाएवढी काळी चीर. पुण्यातल्या एका दुकानात दाखवलं. 'सर, रिडायल करू. दोन दिवसांत ब्रँड न्यू!' मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

दिवाळीत अचलपूरला गेलो तेव्हा सहज बाजारातल्या घड्याळवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "कायले रिडायल करतं बाप्पा? हा रंग नोहे. काच हाये, काच!"

आठवा घरातला इनॅमलचा टप. टवका उडाला की खालचं काळं लोखंड दिसतं ना? हा तोच प्रकार, फक्त इथे खाली तांब्याचा पातळ पत्रा.

परत आल्यावर मी वाचत बसलो. (डेडलाइन गेली खड्ड्यात!) काचेची बारीक पूड पत्र्यावर पसरायची आणि भट्टीत साधारण 800 डिग्रीला वितळवायची. थर देत पुन्हा भाजायचं. मागच्या बाजूलाही काचेचा थर हवाच, नाहीतर थंड होताना पत्रा वाकतो आणि वरची काच तडकते. धुळीचा एक कण बसला तरी डायल बाद. काळे आकडेसुद्धा इनॅमलचेच, वरून भाजलेले. म्हणून ते इतक्या वर्षांनीही फिके पडत नाहीत. आपल्या मनगटावरचे बहुतेक डायल म्हणजे पितळेवर लॅकर आणि छपाई!

याच पांढऱ्या थरावर चित्रंही काढतात. फ्रान्समधल्या जाँ तूतँ या सोनाराने 1630च्या सुमारास ही पद्धत रुळवली, पुढे जिनिव्हाने ती घड्याळांवर गाजवली. धातूंच्या ऑक्साइडचे रंग तेलात खलायचे, मोजक्या केसांच्या ब्रशने लावायचे. जास्त आच सोसणारे रंग आधी, नाजूक नंतर. गंमत म्हणजे लावताना दिसणारा रंग आणि भट्टीतून निघणारा रंग वेगळा असतो! म्हणजे चित्रकाराने शेवटचा रंग डोक्यात ठेवूनच रंगवायचं. आणि दहाव्या भाजणीत तडा गेला, तर आधीच्या नऊ पाण्यात. आपली जयपूरची मीनाकारी याच घरातली, पण तिथे सोन्यात कोरलेल्या खळग्यांत रंग भरतात. आजही स्वित्झर्लंडमध्ये अनिता पोर्शेसारख्या कलाकार पाटेक फिलिपसाठी असे डायल हाताने रंगवतात. किंमत विचारू नका, ईएमआयवालेही हसतील.

माझ्या डायलवर चित्र नाही. फक्त आकडे आणि मिनिटांची रुळांसारखी पट्टी. आजोबा 'शकुंतला'वर गार्ड होते. 1913मध्ये सुरू झालेली ती मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज, आता बंद. आजी म्हणाली, ती चीर मूर्तिजापूरच्या फलाटावर घड्याळ पडलं तेव्हाची. रिडायल म्हणजे हा डायल काढून छापलेला बसवायचा, नाहीतर चिरेत रेझिन भरून वर रंग फासायचा. काचेला काच जोडायची तर पुन्हा भट्टी, आणि तिथे सगळाच डायल जायचा धोका.

काकांनी फक्त चिरेतला वर्षांचा मळ काढला. काळी रेघ राखाडी झाली. जवळून पाहिलं तरच दिसते.

लग्नात मुहूर्ताआधी मी ऐटीत घड्याळ काढलं. चार मिनिटं मागे! आजी हसून म्हणाली, "शकुंतलेपरीस बरं हाये!"