सही करण्यापूर्वी

परवा एक जुनी मैत्रीण आली. चहा झाला तरी उठेना. मग हळूच म्हणाली, “आम्ही राजीखुशीनं वेगळं व्हायचं ठरवलंय. मला काही नको गं, सुटका झाली म्हणजे पुरे!”

हे ‘मला काही नको’ आपल्या तोंडी फार चटकन येतं. चूक होते ती तिथेच.

हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय १९७६ साली झाली. त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबायचं. (२०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे योग्य प्रकरणी ही मुदत माफ होऊ शकते.) हा काळ रडण्यात घालवू नका, कागद जमवा.

मैत्रिणीचा फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या. नवरा म्हणतो, “फ्लॅट तुला, हप्ते मी भरीन.” ऐकायला गोड! पण तुमचा आपसातला करार बँकेला बांधत नाही. हप्ते थकले की नोटीस हिलाही येणार. तेव्हा कर्ज कुणाच्या नावावर राहील हे बँकेकडून आधी लेखी घ्यावं, आणि नवऱ्याच्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र रीतसर नोंदवून घ्यावं. तोंडी शब्दावर तर मुळीच जाऊ नये.

दागिन्यांचं म्हणाल तर स्त्रीधन बायकोचंच. सासरी ते नुसतं सांभाळायला दिलेलं असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलंय. लग्नाचे फोटो, सोनाराच्या पावत्या शोधून यादी करावी.

पोटगी दरमहा की एकरकमी? दरमहाची रक्कम परिस्थिती बदलली तर कोर्टाकडून वाढवून मागता येते. एकरकमी घ्यायची तर पैसे कोणत्या तारखेला, कसे मिळणार ते अटींत लिहावं. हुकूम होण्यापूर्वी दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या.

आणि मुलं. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. मोठ्यांच्या बाबतीत कोर्ट त्यांचं हित पाहतं. पण दिवाळी कुणाकडे, मे महिन्याची सुट्टी कुणाकडे, शाळेची फी, आजारपणाचा खर्च कुणाचा, हे ज्याचं त्यानं बसून ठरवायचं. मुलांदेखत मात्र नको.

मैत्रिणीनं माझ्या मुलीची वही ओढली, पेन मागितलं. पहिल्या ओळीत तिनं लिहिलं, ‘आईच्या पाटल्या, दोन.’