अडकित्त्यात अडकलेली सुपारी

अकोल्याच्या जुन्या शहरात, असदगडापासून मोर्णेच्या काठापर्यंतच्या दाट वस्तीत, दुपारच्या जेवणाआधी गल्लीतून चालत गेलात तर घरोघरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि पाठोपाठ हिंग-लसणाच्या फोडणीचा वास येतो. वरणाशिवाय वऱ्हाडी जेवण पुरे होत नाही. तूर असो, मूग असो की हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा म्हणून मिळणारा वाल, आपण हे दाणे शिजवूनच खातो. मऊ व्हावेत म्हणून, हे त्याचे अर्धेच कारण आहे. उरलेल्या अर्ध्या कारणाचा माग ज्यांनी काढला, त्यांत एक मराठी स्त्री होती: डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत.

आपल्या स्वादुपिंडात तयार होणारे ट्रिप्सिन हे विकर लहान आतड्यात प्रथिनांच्या लांब साखळ्या ठरावीक जागी तोडते. त्याला अडकित्ता म्हणा. कडधान्याच्या दाण्यात एक लहानसे प्रथिन असते, ते नेमके या अडकित्त्याच्या तोंडात बसते आणि तुटता तुटत नाही. न फुटणारी सुपारी पात्यांत अडकावी, तसे. मग ते विकर दुसरे काही कातरू शकत नाही आणि खाल्लेले प्रथिन धड पचत नाही. झाडाच्या बाजूने पाहिले तर ही बियांची राखण आहे. दाणे खाणाऱ्या किडीचेही पोट यामुळे बिघडते. उष्णतेने मात्र या प्रथिनाची घडी विस्कटते आणि पकड सुटते. चुलीवरच्या वरणात रोज हे घडते.

सोयाबीनमधले असे रोधक प्रथिन अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४० च्या दशकात स्फटिकरूपात मिळवले होते. आपल्या ताटातल्या दाण्यांकडे कमलाबाई वळल्या. वाल आणि डबल बी यांतली रोधके स्फटिकरूपात मिळाल्याची त्यांची आणि सहकाऱ्याची नोंद १९५५ साली ‘नेचर’मध्ये आली. स्फटिकाला इतके महत्त्व का? एकसारखे रेणू शिस्तीत रचले गेले तरच स्फटिक धरतो. शेकडो प्रथिनांच्या गढूळ काढ्यातून एकच प्रथिन निवडून काढल्याची ती त्या काळची मोठी खूण होती.

या कामापर्यंतची वाट मुळीच सरळ नव्हती. कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते आणि लेखिका दुर्गा भागवत ही कमलाबाईंची बहीण. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने मिळवून १९३३ मध्ये त्यांनी त्याच बंगळूरच्या संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीन वर्षांपूर्वीचे नोबेल विजेते. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि हटून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम, आणि संस्थेचे वातावरण बिघडता कामा नये. ही तिसरी अट मला आजही बोचते. रामन यांच्या थोरवीला बाध न आणता, हा अपमान होता हे स्पष्ट लिहिले पाहिजे. कमलाबाईंनीही पुढे त्याला अपमानच म्हटले. वर्षभराचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर त्या संस्थेची दारे मुलींना उघडली. मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्या दूध आणि डाळींतली प्रथिने अभ्यासत होत्या. डाळ तेव्हाच त्यांच्या हाती आली होती.

पुढे केंब्रिज. डेरेक रिक्टर यांनी प्रयोगशाळेतले एक टेबल दिवसा कामासाठी दिले. रात्री ते स्वतः त्याच टेबलावर झोपत, असे सांगतात. नंतर रॉबिन हिल यांच्यासोबत बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना सायटोक्रोम-सी सापडले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पोहोचवणारे हे लोहयुक्त प्रथिन. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमांना हे नाव दिले होते. वनस्पतीही हाच हमाल कामाला लावते, हे कमलाबाईंनी बटाट्यातून दाखवले. पुढच्या काळात या प्रथिनाची कडी न् कडी मोजली गेली तेव्हा कळले की माणसाचे आणि गव्हाचे सायटोक्रोम-सी निम्म्याहून अधिक जुळते. शेतातले पीक आणि ते कापणारा माणूस, दोघांच्या श्वासात एकच यंत्र चालते, हे मला विज्ञानातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते. कमलाबाईंचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. तेवढ्यावर १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

परदेशात राहता आले असते, पण त्या त्याच वर्षी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. इथे त्यांनी विद्यार्थ्यांना गरिबाच्या ताटातले विषय दिले: कडधान्ये, ताडगूळ, नीरा. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना नीरा कशी उपयोगी पडते, यावरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संचालकपद मात्र संस्थेतल्या राजकारणामुळे हक्काच्या वेळी मिळाले नाही. काही वर्षे वाट पाहावी लागली.

आता पुन्हा अकोल्याकडे वळू. इथे १९६९ साली उभ्या राहिलेल्या कृषी विद्यापीठाने तुरीचा ‘पीकेव्ही तारा’ हा वाण दिला. तूर शेतातून डाळ मिलमध्ये आणि तिथून दुकानात येते, आणि या वाटेवर भेसळही होते. कमलाबाई उतारवयात त्याच वाटेवर उभ्या राहिल्या. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्या काम करत राहिल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. १९९८ साली त्या गेल्या. डाळीतली अशी एक भेसळ ओळखणे सोपे आहे: तुरीच्या डाळीला मेटॅनिल यलो हा बंदी असलेला पिवळा रंग चढवला असेल, तर डाळ भिजवलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच ते पाणी गुलाबी होते. फिकट पिवळे पाणी क्षणात गुलाबी होताना पाहिले आहे का? जुन्या शहरातल्या एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षक शेजारी उभे असताना, ते सहज पाहता येईल.