सगळं नॉर्मल, मग अडतंय कुठे?

"काय मग, गुड न्यूज कधी?" कँटीनमध्ये हा प्रश्न आला की मी हसून चहाचा कप उचलते. मी 33 ची, लग्नाला चार वर्षं, त्यातली दोन वर्षं 'प्रयत्न चालू'. माझं ओव्ह्युलेशन नियमित, ट्यूब्ज मोकळ्या, नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट फर्स्ट क्लास. निदान काय? 'अनएक्स्प्लेन्ड इन्फर्टिलिटी'. खरं सांगू, काहीतरी सापडलं असतं तर बरं, असं वाटलं. निदान राग कशावर काढायचा ते तरी कळलं असतं!

सासूबाईंनी उपवास सुचवले. पहिल्या क्लिनिकने थेट आयव्हीएफचं पॅकेज, तेही 'या महिन्यातच ठरवा' म्हणत. त्या रात्री आम्ही दोघं कडाकडा भांडलो. मला उद्याच सुरू करायचं होतं, त्याला कर्ज नको होतं.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी वय विचारलं, मग किती दिवस प्रयत्न करताय ते. वय पस्तिशीच्या आत आणि वर्षच झालं असेल, तर आणखी थोडं थांबणं हाही एक मार्ग. दुसऱ्या वर्षात कित्येकींना आपोआप दिवस राहतात. पस्तिशीनंतर मात्र सहा महिन्यांतच तपासणी करायची.

आमचं थांबून झालं होतं. म्हणून आययूआय. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस गोळ्या, मग सोनोग्राफीत अंड्याची वाढ बघायची, इंजेक्शन, आणि धुतलेले शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात. काही मिनिटांचं काम. 2023 च्या युरोपियन गाइडलाइनमध्येही गोळ्या-इंजेक्शनं अधिक आययूआय हाच पहिला उपचार आहे. नुसत्या गोळ्या महिनोन् महिने खाण्यात फायदा दिसत नाही (माझ्या मैत्रिणीने वर्षभर खाल्ल्या!). जुळ्यांची शक्यता थोडी वाढते, म्हणून सोनोग्राफी चुकवायची नाही.

तीन-चार सायकल्समध्ये जमलं नाही, तर आयव्हीएफ. त्यात कधी कधी कारणही हाती लागतं, कारण अंडं फलित होतंय की नाही ते लॅबमध्ये डोळ्यांनी दिसतं. पण सीमेन नॉर्मल असताना वर 'इक्सी' गळ्यात मारत असतील तर 'का?' असं जरूर विचारा.

आमचा तह असा: चार सायकल्स होईपर्यंत घरात 'पॅकेज' हा शब्द काढायचा नाही. एफडी तशीच ठेवायची.

उद्या तिसऱ्या सायकलची सोनोग्राफी, सकाळी साडेनऊला. बॉसला 'डेंटिस्ट' सांगितलंय. माझ्या तोंडात आता एकही दात धड उरला नसेल, असं त्याला वाटत असणार.