गॅरेजमधले गोल्फ : आधी टेप, मग यंत्र





आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी, ज्यांची कन्या सध्या आपल्याकडे नववीत शिकते, यांनी आपल्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये गोल्फ सिम्युलेटर बसविला आहे. आता ते त्यात सुधारणा करीत आहेत आणि जुना संच शाळेला भेट देण्याची त्यांची इच्छा आहे. शाळेच्या मागे जुन्या बसचे गॅरेज रिकामे पडले आहे, तेथे तो बसवावा असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. "श्रीमंतांचा खेळ आपल्या शाळेत कशाला?" असे काही पालकांनी विचारले. "फुकट मिळते आहे तर नाही का म्हणायचे?" असे एका विश्वस्तांनी विचारले. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. निर्णयापूर्वी ही वस्तू काय आहे आणि तिला काय लागते, हे सर्वांना कळावे म्हणून हा लेख.

गोल्फ वडोदऱ्याला नवे नाही. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातील गोल्फचे मैदान १९३० च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाड यांनी युरोपीय पाहुण्यांसाठी तयार करविले. पुढे १९९० च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी, जे स्वतः रणजी करंडक खेळलेले, त्याचे नूतनीकरण करून ते लोकांसाठी खुले केले. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी हे मैदान कुंपणाबाहेरूनच पाहिले आहे, हेही खरे.

सिम्युलेटर म्हणजे काय?

खोलीच्या एका टोकाला जाड, मजबूत कापडाचा पडदा. त्यावर प्रोजेक्टरने मैदानाचे चित्र पडते. खेळाडू दहा-बारा फुटांवरून चेंडू पडद्यावर मारतो. चेंडू पडद्याला लागून खाली पडतो, पण चित्रातला चेंडू पुढे उडत जातो आणि किती लांब, कोणत्या दिशेला गेला ते दिसते. हा चमत्कार नव्हे, मोजमाप आहे. चेंडूजवळचे यंत्र सुरुवातीचा वेग, कोन, दिशा आणि फिरकी मोजते. बाकीचे गणित संगणक करतो.

ही मोजणी किती झटपट करावी लागते पाहा. चांगला हौशी खेळाडू चेंडू सेकंदाला सुमारे ६० मीटर वेगाने मारतो. तीन मीटरवरच्या पडद्यापर्यंत पोचायला चेंडूला एक विसांश सेकंद लागतो. पहिले तीस सेंटिमीटर तो एका सेकंदाच्या दोनशेव्या भागात पार करतो. कॅमेऱ्याचे यंत्र एवढ्या वेळात अनेक छायाचित्रे घेते. दुसऱ्या प्रकारचे यंत्र रडारचे असते. ते चेंडूवरून परतणाऱ्या लहरींच्या बदलावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, वेग काढते.

आता दहावीच्या मुलांसाठी एक गंमत. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'प्रक्षेप्य गति'चा धडा आम्हाला तोंडपाठ होता आणि त्यात प्रत्येक उदाहरणात हवेचा विरोध नगण्य मानलेला असे. त्या सूत्राने ६० मीटर वेग आणि १२ अंशांचा कोन घेतला तर चेंडू सुमारे १४९ मीटरवर पडतो. हवेचा विरोध मोजला तर तो याहून अलीकडे पडेल असे आम्हाला वाटले. प्रत्यक्षात तो १९० मीटरच्या आसपास जातो! कारण चेंडू उलटा फिरत असतो, त्यामुळे हवा त्याला वर उचलून धरते. चेंडूवरचे खळगे हवेचा विरोध कमी करतात. अगदी गुळगुळीत चेंडू निम्माच जाईल. जी हवा आम्ही आयुष्यभर नगण्य मानली तीच येथे मदतीला येते. वयाच्या पन्नाशीनंतर हे एका पालकांच्या गॅरेजमध्ये शिकलो, हे सांगायला आम्हाला संकोच नाही.

एक चूक, आणि तिचा धडा

दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या सात विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही आणि आमचे विज्ञान शिक्षक ते गॅरेज पाहायला गेलो. तिसराच फटका पडद्याच्या लोखंडी चौकटीच्या उघड्या पाइपला लागला. चेंडू उलट फिरला, एका मुलाच्या कानाजवळून गेला आणि मागच्या शटरला खड्डा पाडून खाली पडला. मुलगा हसला, आमचे पाय मात्र कापत होते. मुलांना कोठे उभे करायचे हे ठरविल्याशिवाय आम्ही खेळ सुरू होऊ दिला. चूक आमचीच होती.

घरी येऊन आम्ही गणित केले. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही हलका. पण सेकंदाला ६० मीटर वेगाने त्याची ऊर्जा ८० ज्यूलच्या वर जाते. ताशी ११५ किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूएवढी! आपण नेटमध्ये पॅड-हेल्मेटशिवाय मुलाला उभे करीत नाही. येथे तर तो चपला घालून उभा होता.

म्हणून दुसऱ्या भेटीत कोणी चेंडू मारला नाही. मुलांनी टेप, वही आणि गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ घेतली आणि गॅरेज मोजले. पालक तोवर एक महागडे रडारचे यंत्र घेण्याच्या तयारीत होते.

सुधारणा कोणत्या क्रमाने करावी?

पहिली गोष्ट उंची. सर्वांत उंच खेळाडूने सर्वांत लांब काठी घेऊन अगदी सावकाश फिरवून पाहावी. साधारण नऊ फूट ही कमीत कमी उंची समजावी, दहा असल्यास उत्तम. पण उंची स्लॅबपर्यंत नव्हे, तुळईपर्यंत मोजायची. या गॅरेजमध्ये स्लॅब साडेनऊ फुटांवर होता, पण तुळई नऊ फुटांवर आणि छताचा पंखा त्याहून खाली. पंखा काढून भिंतीवरचा लावला, ट्यूबलाइट बाजूला नेली. खर्च थोडा, फरक मोठा.

दुसरी गोष्ट लांबी. गॅरेज सतरा फूट लांब. पडदा भिंतीपासून एक फूट पुढे हवा, नाहीतर चेंडू भिंतीचाच धक्का घेऊन परततो. चेंडू पडद्यापासून दहा फुटांवर. मागे उरले सहा फूट. रडारचे यंत्र मात्र चेंडूच्या मागे सात-आठ फुटांवर ठेवावे लागते. म्हणजे जे यंत्र विकत घ्यायचे ठरले होते ते त्या खोलीत बसणारच नव्हते! चेंडूच्या बाजूला ठेवायचा कॅमेरा मात्र बसतो. चौदा वर्षांच्या मुलांनी टेप धरून एका कुटुंबाचे काही लाख रुपये वाचविले, याचा आम्हाला परीक्षेच्या निकालाइतकाच आनंद झाला.

तिसरी गोष्ट पडदा. पडदा ताणून नव्हे, थोडा सैल बांधावा, रबरी दोऱ्यांनी. म्हणजे तो चेंडूचा वेग पोटात घेतो. चौकटीच्या प्रत्येक पाइपवर जाड फोम, दोन्ही बाजूंना आणि वर जाळी. खालच्या कडेला फट राहू देऊ नये. पाहणाऱ्यांसाठी खेळाडूच्या मागे जाळी आणि जमिनीवर ठळक पिवळी रेघ.

चौथी गोष्ट जमीन. गाडी धुतल्यावर पाणी वाहून जावे म्हणून गॅरेजच्या कोब्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. पाणसळ ठेवल्यावर येथे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोन इंचांचा फरक निघाला. खेळाडूचे पाय आणि चेंडू एका पातळीत नसतील तर सराव चुकीचाच होणार. लाकडी चौकट घालून पातळी साधली. मॅटही थेट कोब्यावर टाकू नये. काठी कठीण जमिनीवर आपटून मनगट आणि कोपर दुखावते. खाली मऊ थर हवाच.

या चार गोष्टी झाल्या की मग यंत्र, आणि सर्वांत शेवटी चित्र. प्रोजेक्टर थोड्या अंतरावरून मोठे चित्र पाडणारा असावा आणि खेळाडूच्या थोडा पुढे, छताला, काठीच्या फेऱ्याबाहेर बसवावा. म्हणजे स्वतःची सावली पडद्यावर पडत नाही. लोक नेमके उलट करतात. आधी सुंदर चित्र घेतात आणि जाळीसाठी पैसे उरत नाहीत.

आपल्या गावची हवा

परदेशी पुस्तिकांत न लिहिलेल्या काही गोष्टी वडोदऱ्यात पाहाव्या लागतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याखाली प्रोजेक्टर आणि संगणक तापून बंद पडतात. छताखाली उष्णतारोधक थर आणि एक्झॉस्ट पंखा हवा. शटरच्या फटीतून येणारे ऊन कॅमेऱ्याला चकवते, म्हणून जाड पडदा हवा.

आणि विश्वामित्री! जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ चे पूर आपण विसरलेलो नाही. गॅरेज हा घराचा सर्वांत खालचा भाग, पाणी प्रथम तेथेच शिरते. म्हणून विजेचे सॉकेट जमिनीपासून किमान चार फूट वर, स्वतंत्र लाइन, अर्थिंग आणि ईएलसीबी; गालिचा गुंडाळता येणारा; यंत्रे उचलून नेता येतील अशी. पेट्रोलचा कॅन किंवा जनरेटर त्या खोलीत ठेवू नये.

यंत्र काय शिकवीत नाही

एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. चेंडूची दिशा एका अंशाने चुकली तर १९० मीटरवर तो तीन मीटरपेक्षा जास्त बाजूला जातो. यंत्र ही चूक दाखविते. पण वारा, ओले गवत, उतारावर उभे राहणे, चार-पाच तास चालून आल्यावरची थकावट, हे त्या खोलीत नाही. टायगर वूड्स आणि रोरी मॅकिलरॉय यांच्या पुढाकाराने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या टीजीएल या बंदिस्त स्पर्धेतही लांबचे फटके पडद्यावर मारतात, पण जवळचे फटके खऱ्याखुऱ्या जमिनीवरच खेळावे लागतात.

आणि आपल्या देशातले मोठे खेळाडू पाहा. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्लीत इतरांच्या काठ्या उचलणारे कॅडी होते. एसएसपी चौरासिया यांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबमध्ये मैदानाची निगा राखीत; मुलाने तेथेच पाहून पाहून खेळ शिकला आणि २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकली. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. त्याच स्पर्धेत पुण्याचा उदयन माने खेळला. आपल्याच शहरात मांडवीच्या मशिदीच्या आवारात वाढलेले पठाण बंधू भारताकडून खेळले. यांच्यापैकी कोणाची सुरुवात यंत्रापासून झाली नाही. त्यांना मिळाली ती जागा, आणि रोज तेथे जाण्याची मुभा.

आमचे मत

"श्रीमंतांचा खेळ" हा आक्षेप आम्हाला येथेच महत्त्वाचा वाटतो. खेळ श्रीमंतांचा नसतो, कुंपण असते. दाराची किल्ली सर्वांसाठी असेल तर आक्षेप उरत नाही. नसेल तर तो शंभर टक्के खरा आहे.

शाळेचे गॅरेज मुलांनी मोजले आहे. लांबी चोवीस फूट, रुंदी तेरा, उंची बारा. जागा उत्तम आहे. पण पत्रे जुने, वायरिंग उघडी आणि कोब्याला उतार. म्हणजे भेट फुकट असली तरी खोली फुकट नाही. म्हणून आम्ही विश्वस्त मंडळाला असे सुचवीत आहोत : पहिल्या वर्षी फक्त जाळी, पडदा, जमीन आणि वीज यांची कामे व्हावीत. त्याच खोलीत क्रिकेटचाही सराव व्हावा. हे नीट झाल्यावरच दुसऱ्या वर्षी यंत्र स्वीकारावे. मुलामुलींना सारखी पाळी, वेगळी फी नाही, आणि शिक्षक हजर नसताना कुलूप. जाळी आणि वीज यांच्यासाठी तरतूद होत नसेल तर दात्यांचे आभार मानून नम्रपणे नकार द्यावा. त्या मुलाच्या कानाजवळून गेलेला चेंडू आम्ही अजून विसरलेलो नाही.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे, की कोणतीही वस्तू घेण्याआधी ती ठेवायची जागा मोजा. पालकांनी आपली मते वर्गशिक्षकांकडे लेखी द्यावीत. विश्वस्तांच्या सभेपुढे ती सर्व आम्ही वाचून दाखवू, आमच्या विरोधातली आधी.

आपले,
मुख्याध्यापक