कारवाँ आणि मावशी

संपादकांनी ‘वृद्धांसाठी ध्वनिचिकित्सा’ असा भारदस्त विषय देऊन दहिसरला धाडलं. पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं छोटं केंद्र आहे. तिथे या चिकित्सेचं सगळं सामान एका स्टुलावर मावलं होतं: सारेगामाचा कारवाँ, एक्स्टेन्शन बोर्ड आणि कोपरे दुमडलेली वही. वही तिथे म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या मावशींची.

यंत्राचा इतिहास थोडक्यात. एचएमव्हीच्या तबकड्या काढणारी ग्रामोफोन कंपनी म्हणजे आजची सारेगामा. तबकड्या गेल्या, कॅसेटही गेल्या, गाण्यांचा साठा तेवढा उरला. २०१७ साली कंपनीने त्यातली पाच हजार हिंदी गाणी जुन्या ट्रान्झिस्टरसारख्या पेटीत भरून विकायला काढली. मराठी गाण्यांचा कारवाँही आला. इंटरनेट नको, मोबाइल नको. अमीन सायानींची रेडिओवरची गीतमालासुद्धा आतच. आईवडिलांना द्यायची भेट म्हणून तो घरोघरी पोचला.

मी अडकलो ते कारवाँच्या गोल बटणाशी. स्मृतिभ्रंशात सकाळचा नाश्ता, नातवाचं नाव हे आधी पुसलं जातं. हाताच्या सवयी बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. टचस्क्रीनवर बोट कुठे टेकवायचं हे ऐंशीच्या घरातल्या माणसाला शिकवावं लागतं, रेडिओचा कान पिळणं त्याने जन्मभर केलेलं असतं. १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा ही मंडळी शाळेत होती. आकाशवाणी मुंबईवर ‘आपली आवड’, ‘कामगार सभा’ ऐकतच ती संसाराला लागली. दहा ते तीस या वयात ऐकलेलं सगळ्यांत घट्ट बसतं, असं मानसशास्त्र सांगतं. मावशींनी मानसशास्त्र वाचलेलं नाही, पण नव्या आजी आल्या की त्यांचं लग्न कोणत्या साली झालं हे त्या आधी विचारतात आणि त्याच्या आगेमागे गाणी शोधतात.

गाणं लागलं की मावशी चेहऱ्याकडे बघत नाहीत, पायाच्या अंगठ्याकडे बघतात. अंगठा हलला की वहीत बरोबरची खूण. कपाळाला आठी पडली तर गाणं तिथेच बंद, मग ते कितीही गाजलेलं असो. आंघोळीला हात लावू न देणाऱ्या एका आजोबांना आधी दोन गाणी आणि मग बादली, असा क्रम त्यांनी लावून दिला आहे. मला विचाराल तर चिकित्सा ती हीच. पेटी नुसती निमित्त.

अमेरिकेत डॅन कोहेन यांनी २००६ साली वृद्धाश्रमांत ज्याच्या त्याच्या आवडीच्या गाण्यांचे आयपॉड न्यायला सुरुवात केली. त्यावरचा ‘अलाइव्ह इनसाइड’ हा माहितीपट पाहून डोळे पाणावतात आणि अपेक्षा नको इतक्या वाढतात. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१८चा आढावा जमिनीवर आणतो: संगीताच्या उपचारांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं खिन्नपण कमी होत असावं, पण चिडचिड, आक्रमकपणा यांवर फारसा फरक नाही. गेलेली स्मृती परत येते, असं तर तो मुळीच म्हणत नाही. ‘नादाने अल्झायमर बरा’ असं सांगून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

खऱ्या अडचणी याहून साध्या आहेत. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. स, श, फ ही अक्षरं विरतात. पेटीचा सूर पोचतो, शब्द पोचत नाहीत. घरचे आवाज वाढवतात, तर तोच आवाज त्या कानाला टोचतो. कित्येकदा कानात नुसता मळ साचलेला असतो. त्यातून दहिसरची खोली: खिडकीबाहेर रिक्षा, कुणाचं तरी ड्रिलिंग, आतल्या टीव्हीवर मालिका. एका खोलीत चार खाटा असतील तर एकाचं गाणं हा दुसऱ्याचा गोंगाट.

दुसरी अडचण गाण्यांचीच. पेटीत कंपनीकडे आहे तेच असणार. कोकणातून, घाटावरून आलेल्या कितीतरी आजी सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेल्याच नाहीत. त्यांचं गाणं जात्यावर झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखावर ओव्या जमवल्या, आणि आता ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ऐकता येतात. कारवाँला ब्लूटूथ आहे, म्हणजे ओवी त्याच पेटीतून वाजू शकते. पण ती शोधून लावायला मोबाइल जाणणारं माणूस लागतं, आणि ते संध्याकाळी सातनंतर घरी येतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घालमेल नेमकी त्याआधी, दिवेलागणीला वाढते.

तिसरी अडचण म्हणजे मावशी स्वतः. देखभालीसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून येणाऱ्या बायका बारा तासांच्या पाळीवर असतात, चार पैसे जास्त मिळाले की दुसरीकडे जातात. अंगठ्याची खूण नव्या बाईला कोण सांगणार? वही मागे राहिली तर ठीक.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं: पेटी घेण्याआधी आईवडिलांचे कान डॉक्टरांना दाखवा. आणि त्यांना सांगता येतंय तोवर त्यांची वीस गाणी, ओव्या, अभंग कागदावर उतरवून घ्या. कोणत्या गाण्याने रडू येतं, तेही लिहा. सांभाळणाऱ्या बाईला ते आधी कळायला हवं.